विद्यार्थ्याची चूल



जून महिना लागला, मृगाच्या सरी पडूं लागल्या, कीं मराठवाड्यांतील गांवोगांवच्या बसथांब्यांवर एक ठराविक देखावा दिसूं लागतो. एक पेटी, एक वळकटी, पुस्तकांची पिशवी आणि आईनें फडक्यांत बांधून दिलेल्या दशम्या व चटणी, एवढी सामग्री घेऊन गांवचीं मुलें शहरांतील कॉलेजाकडे निघालेलीं असतात. छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जवळ जवळ निम्म्या वाटेवर, बिडकीन हें मोठें गांव आहे. तेथील कित्येक विद्यार्थी रोज बसनें शहरांत जाऊन येतात. परंतु ज्यांचे तास सकाळीं लौकर भरतात, ज्यांस उशीरापर्यंत प्रयोगशाळेंत किंवा ग्रंथालयांत बसावें लागतें, अथवा ज्यांचीं खेडीं हमरस्त्यापासून पुष्कळ आंत आहेत, त्यांस शहरांत खोली घेऊन राहण्यावांचून गत्यंतर नसतें.

मुलाला धाडतांना बाप कपाशीच्या किंवा मोसंबीच्या पैशांतून फीची तजवीज करतो, खोलीचें भाडें ठरवितो, पुस्तकें घेऊन देतो; जेवणाविषयीं मात्र ‘खाणावळ आहेच कीं’ एवढ्यावर विचार संपतो. महिन्याचा पहिला पंधरवडा खाणावळीच्या ताटावर सुखानें जातो. पुढें एखादें पुस्तक अचानक घ्यावें लागतें, परीक्षेची फी येते, पाऊस ओढ घेतो आणि घरून यावयाचे पैसे लांबतात. खोलीचें भाडें चुकवितां येत नाहीं, कॉलेजची फी चुकवितां येत नाहीं. काटकसर करावयास उरतें तें एकटें पोट. प्रथम न्याहारी सुटते, मग रात्रीचें जेवण चहा व बिस्किटांवर भागतें, आणि ही गोष्ट घरीं कळूं नये म्हणून पत्रांत काय किंवा फोनवर काय, ‘जेवण उत्तम आहे’ असेंच सांगितलें जातें. वर्गांत तिसऱ्या तासाला ज्या मुलाचे डोळे मिटूं लागतात, त्यास आळशी म्हणून दोष देण्यापूर्वीं त्यानें सकाळपासून काय खाल्लें आहे हें विचारणें न्यायाचें होईल.

विद्यार्थ्याच्या अन्नाचा हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाहीं. पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणीं पूर्वीं गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, किंवा सात घरीं सात वार लावून जेवत. त्या रीतीनें पुष्कळ मुलें शिकलीं हें खरें. परंतु तींत मिंधेपणा होता, आणि मुख्य म्हणजे ती सोय सर्व जातींच्या मुलांस मोकळी नव्हती. ह्या अडचणीचें खरें उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं शोधलें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं राहत, हातानें काम करीत आणि एका पंक्तीस जेवत. त्या मुलांच्या मुखीं घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनीं आपले दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, मोडलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें ह्या वसतिगृहाचें छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असें नामकरण झालें. हातानें काम करणें हा तेथें शिक्षणाचाच भाग होता.

दुसरें उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचें. १९२० सालीं ते अपुरा अभ्यास पुरा करण्यास पुन्हां लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालयांत वाचन करावें, आणि रात्रीं भूक अनावर झाली म्हणजे भाजलेल्या पापडांवर ती भागवावी, असा त्यांचा क्रम होता, हें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ही कथा आपण मुलांस पुष्कळदां सांगतों. परंतु तिच्यापासून घ्यावयाचा धडा बहुधा उलटा घेतला जातो. उपाशी राहिल्यानें विद्या येते, असा तिचा अर्थ नव्हे. त्याच बाबासाहेबांनीं १९५० सालीं औरंगाबादेस कॉलेज काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें, आणि नागसेनवनांत विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचीही व्यवस्था उभी राहिली. आपण सोसलेली उपासमार पुढच्या पिढीच्या वांट्यास येऊं नये, हा त्यामागील हेतु उघड आहे. थोरांच्या हालांस वंदन करावें. त्यांचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं.

आतां हिशोबाकडे वळूं. ज्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांस सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, त्यांच्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें २०१६-१७ सालीं स्वाधार योजना सुरू केली. छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरासाठीं तींत आरंभीं वर्षास ५१,००० रुपये धरले होते, व त्यांपैकीं भोजनासाठीं २८,००० रुपये होते. कॉलेजचे दहा महिने, म्हणजे तीनशें दिवस, धरले तर दिवसास सुमारें ९३ रुपये पडतात. एवढ्या रकमेंत दोन वेळां बाहेर जेवणें व शिवाय न्याहारी करणें कठीण; परंतु हातानें शिजविल्यास एवढ्यांत दोन भरपूर जेवणें, न्याहारी व पेलाभर दूध बसवितां येतें. ज्यांच्या घरून धान्य येतें त्यांचा खर्च तर याहूनही कमी होतो. आपल्याकडील बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं ज्वारी, बाजरी आणि तूर असतेच. मग शहरांत जाऊन तेंच अन्न दामदुपटीनें कां विकत घ्यावें?

स्वस्त अन्न म्हणजे निकस अन्न, असा एक समज आहे. तो खोटा आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसास शरीराच्या वजनाच्या दर किलोमागें दिवसास सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात असें सांगते. म्हणजे साठ किलो वजनाच्या तरुणास पन्नास ग्रॅम. आतां एका दिवसाचा शिधा पाहा. ज्वारी अथवा बाजरी २५० ग्रॅम, तांदूळ १५० ग्रॅम, डाळ व कडधान्य मिळून १०० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, तेल ३० ग्रॅम, भाजी पावशेर आणि दूध पाव लिटर. यांतून सुमारें सत्तर ग्रॅम प्रथिनें व चोवीसशें कॅलरींच्या आसपास शक्ति मिळते. बैठ्या अभ्यासाच्या मुलास हें पुरून उरतें. मुलींनीं व कमी भूक असणारांनीं धान्य बेतानें कमी करावें, डाळ मात्र कमी करूं नये. महिन्याचा शिधा म्हणून हेच आंकडे तीसपट केले, तर साडेसात किलो ज्वारी, साडेचार किलो तांदूळ, तीन किलो डाळी-कडधान्य, व प्रत्येकीं सुमारें एक किलो शेंगदाणे व तेल, एवढी यादी होते. ती खोलीच्या दारामागें लावून ठेवावी.

धान्य व डाळ एकत्र खाण्यांत आपल्या पूर्वजांनीं मोठें शहाणपण दाखविलें आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक उणा असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत जो घटक उणा, तो धान्य पुरवितें. म्हणून वरण-भात, भाकरी-पिठलें, खिचडी हीं जोडपीं नुसत्या भातापेक्षां किंवा नुसत्या भाकरीपेक्षां अधिक गुणकारी ठरतात. त्यांवर लिंबाची फोड पिळावी. लिंबांतील क जीवनसत्त्वानें डाळी-भाज्यांतील लोह शरीरांत अधिक मुरतें. जेवणावर लगेच चहा घेतला तर नेमका उलटा परिणाम होतो. एवढें एक पथ्य पाळलें तरी पुष्कळ लाभ आहे.

स्वस्त प्रथिनांचा विचार करतांना सोयाबीनची आठवण ठेवावी. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठीं केंद्र सरकारनें जाहीर केलेली आधारभूत किंमत तुरीस क्विंटलला ७,५५० रुपये आणि सोयाबीनला ४,८९२ रुपये होती. तुरीच्या डाळींत शेंकडा बावीस भाग प्रथिनें असतात, सोयाबीनमध्यें सुमारें चाळीस. म्हणजे किंमत दोनतृतीयांशाहून कमी आणि सत्त्व दुपटीच्या जवळपास! आपला शेतकरी तें पिकवितो आणि सगळेंच्या सगळें बाजारांत विकून टाकतो. कच्च्या सोयाबीनमध्यें पचनास अडथळा करणारें एक द्रव्य असतें, तें उष्णतेनें नाहींसें होतें. म्हणून सोयाबीन उकळून, वाळवून व भाजूनच गिरणींत न्यावें, आणि नऊ भाग धान्यास एक भाग याप्रमाणें दळावें. चवींत फारसा फरक पडत नाहीं.

आतां साधनें. १९१० सालीं कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनीं ‘इकमिक कुकर’ नांवाचें यंत्र काढलें. एकावर एक डबे, खालीं कोळशाची लहानशी शेगडी; सकाळीं डाळ, तांदूळ व भाजी भरून ठेवावी, आणि स्नान व वाचन होईपर्यंत तिन्ही पदार्थ तयार. परगांवीं एकट्यानें राहणाऱ्या माणसास असें यंत्र म्हणजे मोठाच आधार. आज तें काम तीन लिटरचा प्रेशर कुकर करतो. उघड्या भांड्यांत पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतें. कुकरमध्यें वाफेच्या दाबामुळें उष्णता सुमारें १२० अंशांपर्यंत चढते व डाळ थोड्या वेळांत शिजते. पहिली शिट्टी झाली कीं आंच बारीक करावी. मोठ्या आंचेवर अन्न लौकर शिजत नाहीं, नुसती वाफ व इंधन वायां जातें. कडधान्य रात्रभर व डाळ अर्धा तास भिजविली तर इंधन आणखी वांचतें. कुकर, एक कढई, एक तवा, एक पातेलें, पळी, सुरी आणि झांकणाचे पांच-सहा डबे, एवढा संसार पुरेसा आहे.

घरून काय आणावें? लोणचें व लाडू तर येतातच. परंतु मराठवाड्याच्या स्वयंपाकघरांत त्याहून उपयोगी वस्तु आहेत. पहिली येसर. धान्यें, डाळी व मसाले भाजून केलेलें हें पीठ महिना-दोन महिने टिकतें. दोन चमचे येसर पाण्यांत कालवून लसणाच्या फोडणीवर ओतली, मीठ घातलें आणि एक उकळी आणली, कीं आमटी तयार. दुसरी शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, तिसरें मेतकूट, आणि चौथें थालीपिठाचें भाजणीचें पीठ. ह्या चार डब्यांच्या बळावर परीक्षेचा आठवडासुद्धां निभावून जातो.

प्रत्यक्ष पदार्थांत पहिला मान खिचडीचा. एका माणसास १०० ग्रॅम तांदूळ व ५० ग्रॅम मुगाची डाळ धुवून घ्यावी. कुकरमध्यें चमचाभर तेलावर मोहरी, जिरें, हळद व असल्यास कांदा परतावा. डाळ-तांदूळ, मीठ आणि मोजून चौपट पाणी घालून तीन शिट्ट्या होऊं द्याव्या. त्यांतच गाजर, मटार, पालक, जें स्वस्त असेल तें टाकावें. सर्व मिळून अर्धा तास लागतो, आणि त्यांतील वीस मिनिटें वाचनास मोकळीं असतात.

दुसरे चकोल्या, ज्यांस कोणी वरणफळें म्हणतात. तुरीचें वरण शिजवून फोडणीस टाकावें, चिंच-गूळ घालावा व पातळ ठेवावें. कणीक घट्ट मळून पोळी लाटावी, तिचे सुरीनें शंकरपाळ्यांसारखे तुकडे करावे आणि उकळत्या वरणांत एक एक सोडून दहा मिनिटें शिजूं द्यावे. पोळी वाटोळी लाटतां न येणाऱ्या नवशिक्यास हा पदार्थ वरदानासारखा आहे, कारण तींतून शेवटीं चौकोनच कापावयाचे असतात! भाकरी व पोळी एकाच भांड्यांत शिजत नाहीं, चकोल्या मात्र वरणासकट एकाच भांड्यांत होतात.

तिसरें पिठलें. अर्धी वाटी डाळीचें पीठ दीड-दोन वाट्या पाण्यांत गुठळी न राहील असें कालवावें, आणि कांदा, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर ओतून ढवळीत राहावें. झांकण ठेवून दहा मिनिटांत वाफ आली कीं उतरावें. ज्याला भाकरी थापतां येत नाहीं त्यानें ज्वारीच्या पिठांत कांदा, तीळ व कोथिंबीर घालून तव्यावरच थालीपीठ लावावें किंवा पीठ पातळ करून धिरडें घालावें. महिन्याभरांत हात बसला, कीं भाकरीही आपोआप येऊं लागते.

चौथी मटकीची उसळ. मटकी रात्रीं भिजवावी, सकाळीं उपसून ओल्या फडक्यांत बांधावी. दुसऱ्या दिवशीं मोड येतात. मोड आल्यानें क जीवनसत्त्व वाढतें व धान्यांतील लोह मोकळें होण्यास मदत होते. जो मांसाहारी आहे त्यानें आठवड्यांतून तीन-चार दिवस अंडीं उकडावीं. एका अंड्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिनें असतात, आणि तें शिजविण्यास कौशल्य लागत नाहीं.

न्याहारीसाठीं मराठवाड्याचा ‘सुशीला’ विसरूं नये. मुरमुरे पाण्यांत बुडवून लगेच पिळून घ्यावे. कांदा, मिरची व हळद यांच्या फोडणीवर परतावे. वरून फुटाण्याच्या डाळ्याची पूड व शेंगदाण्याचें कूट भरपूर घालावें. दहा मिनिटांत पोटभर व खमंग न्याहारी होते, आणि तिची किंमत बाहेरच्या एका वडापावाहून जास्त पडत नाहीं.

भाजी संध्याकाळीं उशीरां, बाजार उठण्याच्या वेळीं घ्यावी. मंडईत त्या वेळीं भाव उतरतात. हंगामाबाहेरची भाजी विद्यार्थ्यानें घेऊं नये. मेथी, शेपू, अंबाडी यांसारख्या पालेभाज्या स्वस्त असतात व गुणांत महाग भाजीस हार जात नाहींत.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. सकाळचा भात तसाच बाहेर ठेवून रात्रीं खाण्याची संवय घातक आहे. शिजलेल्या भातांत एक प्रकारचे सूक्ष्म जंतु वाढतात, आणि त्यांनीं सोडलेलें विष पुन्हां गरम केल्यानेंही जात नाहीं. म्हणून एका वेळेपुरताच भात टाकावा. खोलींत गॅस वापरणारांनीं खिडकी उघडी ठेवावी, निजण्यापूर्वीं टाकीची चावी बंद केली आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि नळी जुनी झाली कीं बदलावी. ज्या वसतिगृहांत खोलींत शिजविण्यास मनाई आहे, तेथें विजेची शेगडी चोरून वापरूं नये. जुन्या तारांवर अधिक भार पडून आग लागते ती सर्वांच्याच खोलींत शिरते. अशा ठिकाणीं रोज शिजविल्यावांचून भागणाऱ्या वस्तु, म्हणजे भिजविलेले मूग, शेंगदाणे-गूळ, दहीं-पोहे, केळीं, ह्यांचा आश्रय करावा.

एकट्याची चूल मात्र फार दिवस टिकत नाहीं. एकट्यास कंटाळा येतो, आणि एकट्यासाठीं शिजविण्यास इंधनही जवळ जवळ तितकेंच लागतें. तिघांनीं अथवा चौघांनीं मिळून वह्या घालाव्या: एकानें शिजवावें, एकानें भांडीं घासावीं, एकानें बाजार करावा, आणि दर आठवड्यास कामें बदलावीं. जमाखर्चाची वही उघड्यावर असावी. ज्याच्या घरून धान्य येतें त्यानें धान्य द्यावें व त्याची किंमत बाजारभावानें मांडावी. ज्याच्याकडून पैसे लांबले असतील त्याच्या नांवें बाकी लिहावी, परंतु त्याचें ताट वेगळें करूं नये. साताऱ्याच्या वसतिगृहांत जी गोष्ट एका थोर पुरुषाच्या तपश्चर्येनें घडली, ती शहरांतल्या दहा फुटी खोलींतही लहान प्रमाणावर घडूं शकते. निरनिराळ्या जातींचीं व गांवांचीं चार मुलें एका कुकरमधील खिचडी खाऊं लागलीं, म्हणजे ग्रंथांत वाचलेली समता त्यांच्या अंगीं कांहींशी मुरते.

शेवटीं दोन शब्द आईबापांसाठीं. मुलगी परगांवीं निघाली, कीं तिला स्वयंपाक येतोच असें आपण गृहीत धरतों. मुलगा निघाला, कीं त्याला तो येत नाहीं हेंही तितक्याच सहजतेनें गृहीत धरतों. चुलीजवळ बसण्यांत पुरुषास कमीपणा वाटावा असें आपल्या परंपरेंत कांहीं नाहीं. बिडकीनहून पुढें गेलें कीं लागणाऱ्या पैठणांत, नाथांच्या वाड्यांत, प्रत्यक्ष देवानें श्रीखंड्या होऊन कावडीनें पाणी भरल्याची कथा आपल्या घरोघरीं सांगतात. देवास जें काम हलकें वाटलें नाहीं तें कॉलेजांतल्या मुलास कां वाटावें? दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्यावर दीड-दोन महिने मोकळे असतात. तेवढ्या अवधींत प्रत्येक मुलाकडून व मुलीकडून खिचडी, पिठलें, वरण-भात, उसळ व थालीपीठ हे पांच पदार्थ प्रत्येकीं दहा वेळां करवून घ्यावे. पहिल्या वेळीं मीठ जास्त पडेल, दुसऱ्या वेळीं खालीं लागेल. घरांत बिघडलेलें घरच्यांनीं हंसत खावें, म्हणजे परगांवीं बिघडणार नाहीं.

आणि महिन्याच्या अखेरीस फोन आला, तर ‘पैसे पुरले का?’ हें विचारण्याआधीं ‘आज काय शिजवलेंस?’ हें विचारावें. पहिल्या प्रश्नास मुलें भीड म्हणून खोटें उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्यांचें खरें कसें काय चाललें आहे, हें आईला तेव्हांच कळतें.